आजीच्या गुलाबानं इंटरनेट भरत नाही

पत्र

ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा. वय २१. बी.एस्सी. झालं, सध्या गावातल्या सेतू केंद्रात बसतो. माझी आजी रोज पहाटे चाळीसेक लोकांना शुभ सकाळ पाठवायची. गुलाब, विठ्ठल, गजानन महाराज, उगवता सूर्य. महिन्याभरापूर्वी मी तिला थट्टेनं म्हटलं, 'आजी, इंटरनेट भरत आलं आता. बातम्यात सांगितलं. लय मेसेज टाकणाऱ्याईचं पहिले बंद करणार हायेत.' हसू दाबून, तोंड एकदम गंभीर करून सांगितलं. मित्र ओट्यावर बसून मजा घेत होते. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं मोबाईल बंद करून देवाच्या कोनाड्यात ठेवला. हिंगणघाटच्या बहिणीला मेसेज नाही, पुण्याच्या आत्याचा व्हिडिओ कॉल नाही. आत्या बाबांना विचारते, आई रागावली का? आजीला विचारलं तर म्हणते, 'पोराईच्या अभ्यासाले पुरलं पाह्यजे ना बापा. माह्यं काय, फुलंच त राह्यते.'

आता ही गोष्ट बचत गटात पोचली. बाया सेतूत येऊन विचारतात, 'नेट संपलं त लाडक्या बहिणीचे पैसे येतीन का? खात्यातले राह्यतीन का?' मित्र म्हणतो, सरकारनं नेट वाढवलं असं सांगून टाक, विषय मिटतो. खरं सांगितलं तर आजीला वाटेल, नातवानं आपल्याला चारचौघांत वेडं ठरवलं. आणि खरं सांगू का, संध्याकाळी गावात नेट खरंच चालत नाही. मग इंटरनेट खरंच कधी भरू शकतं का?

आजीचा नातू

उत्तर

प्रिय नातवा,

मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेव. 'सरकारनं नेट वाढवलं' म्हटलंस तर आजी मोबाईल सुरू करेल, गुलाबही सुरू होतील. पण नेट संपतं, आणि कुणाचं बंद करायचं हे वर कुठंतरी ठरतं, ही समजूत तिच्या डोक्यात पक्की होऊन बसेल. मग एक दिवस तिला फोन येईल. 'आम्ही ट्रायमधून बोलतोय. तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार. चालू ठेवायचा असेल तर ९ दाबा.' ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नावानं असे खोटे फोन देशभर येतात आणि त्यात लोकांची आयुष्यभराची पुंजी जाते. नंबर बंद करतो असं सांगायला आम्ही कुणालाही फोन करत नाही, हे ट्रायनं जाहीर केलेलं आहे. पण जास्त मेसेज टाकणाऱ्यांचं नेट बंद होतं, हे जिनं सख्ख्या नातवाच्या तोंडून ऐकलंय, तिला तो फोन खोटा का वाटावा? तू गमतीत बोललास तेच वाक्य हे चोर कामाला लावतात. म्हणून खरंच सांगायचं, आणि लवकर सांगायचं.

आता आजीचं. ती फसली असं तुला वाटतंय. मला तुझ्या पत्रात वेगळंच दिसलं. ७२चा दुष्काळ पाहिलेली, रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली, टँकरच्या मागं घागर घेऊन धावलेली, भारनियमनात रात्री दोनला उठून मोटर लावायला माणूस पाठवलेली ही पिढी. घरात काही कमी पडणार असं कानावर आलं की आधी आपला वाटा सोडायचा, पोरांचा नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. इंटरनेट कमी पडतंय कळल्यावर तिनं तेच केलं. तक्रार केली नाही, कुणाला बोल लावला नाही, स्वतःचा मोबाईल बंद करून ठेवला. तिच्या दिवसात सुखाच्या गोष्टी किती असतील? त्यातल्या दोन तिनं तुमच्यासाठी सोडल्या. बहीण आणि लेक.

आणि तिनं खातरजमा केली नाही असंही म्हणू नकोस. तिनं ती केली होती. तुझ्यापाशी. तू सेतूत बसतोस, सातबाऱ्यापासून ई-केवायसीपर्यंत सगळं गाव तुलाच विचारतं. मित्रानं हेच वाक्य टाकलं असतं तर आजीनं 'जाय बे' म्हणून उडवलं असतं. तुझं वाक्य बातमी ठरलं, म्हणूनच ते गटापर्यंत गेलं. थट्टा करावी, जरूर करावी, आपल्या वऱ्हाडात थट्टेवाचून माणसाला जेवण जात नाही. फक्त ज्या विषयात गाव आपल्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतं, त्या विषयावर सरळ तोंडानं थट्टा करायची नाही. डॉक्टरनं औषधावरून करू नये, तलाठ्यानं फेरफारावरून करू नये, तू नेटवरून करू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. इंटरनेट भरतं का?

आजीपासूनच सुरू करू. तिनं पाठवलेलं गुलाब व्हॉट्सअ‍ॅप लहान करून पाठवतं, साधारण शे-दीडशे केबीचं. चाळीस जणांना म्हणजे दिवसाला सहा एमबी धर. तू मोबाईलवर मॅच पाहतोस तेव्हा साध्या क्वालिटीतही तासाला अर्धा-पाऊण जीबी जातो. तुझ्या मॅचच्या एका तासात आजीची तीन महिन्यांची शुभ सकाळ बसते. हा हिशेब तिला बोटांवर करून दाखव. शिवाय मेसेज समोरच्याला पोचला की व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवरून तो काढला जातो, पोचला नाही तरी ३० दिवसांनी काढतात. हिंगणघाटच्या आजीला गेलेलं गुलाब हिंगणघाटच्या आजीच्या मोबाईलमध्ये असतं.

भरतो तो मोबाईल, आणि यावर तर परदेशातल्या पेपरात बातमी आली होती. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं छापलं की भारतातले एवढे फोन का अडकतात हे शोधताना गूगलच्या लोकांना फुलं, सूर्योदय, लहान बाळं यांच्या शुभ सकाळची रास सापडली. तेव्हा आजीचा मोबाईल हातात घे, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघड. वारंवार फॉरवर्ड झालेलं काय आहे आणि पाच एमबीच्या वरचं काय आहे, हे तिथं वेगळं काढून दाखवतात. तिच्यासमोर बसून, तिला विचारत एकेक पुसा. तिचं आवडतं कीर्तन तुझ्या हातून उडता कामा नये. मग 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद कर. मोबाईल हलका झाला की तिचं तिलाच कळेल, काय भरलं होतं ते.

गावातलं संध्याकाळचं नेट ही मात्र खरी अडचण आहे, तिला हसण्यावारी नेऊ नकोस. दिवाळीनंतर तालुक्याच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग तू पाहिली असशील. काटा एकच, गाड्या शंभर. कापूस मोजायची जिनिंगची ताकद संपलेली नसते, सगळे एका दिवशी एका काट्यावर आलेले असतात. दुसरा काटा लावला की रांग निम्मी होते. तुमच्या टॉवरचं तसं आहे. त्याच्या वाट्याला जेवढ्या लहरी आल्या त्या त्याच्या आवाक्यातले सगळे मोबाईल वाटून घेतात. सकाळी अकराला माणसं वावरात असतात, रात्री आठला सगळी घरी येऊन मोबाईल उघडतात, म्हणून आठला गोल फिरत बसतं. त्यात टॉवरपर्यंत फायबर आलेली नसेल, नुसती डिशवरून डिशला जोडणी असेल, तर आणखी कमी. लाइन गेल्यावर टॉवरची बॅटरी किती टिकते हा वेगळा मुद्दा. आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की सगळंच ठप्प, हे तुला सेतूत बसून माझ्याहून जास्त माहीत असेल.

सरकारी पोर्टलचंही असंच. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, आणि दरवर्षी शेवटच्या दिवसांत सगळा महाराष्ट्र एकदम सोयाबीनचे फोटो चढवायला लागतो. 'सर्व्हर डाऊन' दिसतं ते त्या एका पोर्टलचं. जगाच्या इंटरनेटचं त्यात काही बिघडलेलं नसतं.

या अडचणीवर उपाय आहेत आणि ते माणसांच्या हातात आहेत. कंपनीकडे तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर घ्या, निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी लागली आहे का, लागली असेल तर तिचा दिवा लागतो का, हे ग्रामसभेत विचारा. २०११ मध्ये मंजूर झालेली ही योजना देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची म्हणून आली, तुमची पंचायतही त्यातलीच. गावचं नेट मंद असल्याचा दोष एका म्हातारीच्या गुलाबावर जावा आणि बंद पेटीला कुणी जाब विचारू नये, याचा मला राग येतो.

बाकी जगाचं इंटरनेट भरणार ही भीती नवीन नाही. ती शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटलेली आहे, आणि हे आजीला जरूर सांग. बॉब मेटकाफ नावाचे अमेरिकन गृहस्थ आहेत. संगणक एकमेकांना जोडायचं इथरनेट ज्यांनी शोधलं त्यांतले एक. सेतूतल्या तुझ्या कॉम्प्युटरच्या मागं जी केबल खोचलेली असेल, ती त्यांच्याच कामाची. त्यांनी डिसेंबर १९९५ मध्ये एका साप्ताहिकात लिहिलं की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळणार, आणि नाही कोसळलं तर माझे शब्द मी खाईन. आपल्याकडे १९९५ मध्येच १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली होती. ९६ साल गेलं, इंटरनेट कोसळलं नाही. एप्रिल १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत मेटकाफ मंचावर आले. आधी त्यांनी त्या लेखासारखा दिसणारा केक पुढं केला, लोकांनी आरडाओरडा करून तो नामंजूर केला. मग त्यांनी छापील लेखाचा कागद मिक्सरमध्ये पाण्यासोबत फिरवला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. एवढा मोठा माणूस चुकला, आणि दिलेला शब्द त्यानं पाळला. ही गोष्ट आजीला सांगितलीस तर ती पदर तोंडाला लावून हसेल, आणि त्या हसण्यात कुणाचा अपमान नाही.

त्याच सुमारास ईमेलवर एक थट्टा फिरली होती. ३१ मार्चपासून १ एप्रिल संपेपर्यंत इंटरनेट झाडून-पुसून काढणार आहेत, तोवर सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर काढून ठेवा. तारीख पाहिली की शहाण्याला कळत होतं. तरी काहींनी खरं मानलं असणारच. नवी वस्तू घरात आली की माणूस तिला घरातल्या जुन्या वस्तूंचे नियम लावून पाहतो. तुझी आजी त्यात एकटी नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर संपली, तीही तुला सांगायला हवी. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला नंबराचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटी पत्ते होते. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्या दिवशी तू पहिली-दुसरीत असशील. तुमच्या गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तयारी आधीच होती. एक पत्ता अनेकांत वाटून घ्यायची युक्ती होती, आणि आयपीव्ही-६ नावाची नवी पद्धत होती, तिच्यात ३४० लिहून पुढं ३६ शून्यं द्यावीत इतके पत्ते आहेत. आज भारतातले निम्म्याहून जास्त लोक ही नवी पद्धत वापरतात. मोबाईल पाहत असशील तर बहुतेक तूही.

आणि २०२०चा लॉकडाउन तर तुझ्या डोळ्यांसमोरचा. शाळा, ऑफिस, सिनेमा, सगळं एकदम मोबाईलवर आलं. मार्च २०२० मध्ये भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं की मोबाईलवरचं चित्र ४८०पीच्या वर जाऊ द्यायचं नाही. चित्र थोडं धूसर झालं, इंटरनेट चालत राहिलं. गर्दी झाली की माणसं असं काहीतरी करतात. समुद्राखालून मुंबई-चेन्नईला येणाऱ्या केबल असोत की देशातल्या, काचेच्या त्याच केसाएवढ्या तंतूतून वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकाच वेळी सोडून, दोन्ही टोकांची यंत्रं बदलून, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माहिती पाठवता येते. क्षमतेला मर्यादा असते. पण ती वाढवायला माणसं, पैसा आणि इच्छा लागते, आजीचा उपवास लागत नाही.

गटातल्या बायांना सांगायचं ते वेगळं आणि सोपं. पैसे बँकेच्या हिशेबात असतात. नेट बंद असेल तर त्या दिवशी अंगठा लागणार नाही, दुसऱ्या दिवशी लागेल, शिल्लक तेवढीच राहील. नुसतं बोलू नकोस. दोघी-तिघींचं पासबुक बँकेत नेऊन छापून आण आणि त्यांच्या हातात दे. त्याच बैठकीत १९३० हा नंबर सगळ्यांना लिहून दे. पैसे गेल्याचं कळताक्षणी त्यावर फोन करायचा, उशीर करायचा नाही. संशयास्पद फोन आला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'त कळवता येतं, ते काम तू सेतूतून करून देऊ शकतोस.

आजीला कसं सांगायचं? घरी, एकटीला, तिचा हात रिकामा असताना. 'आजी, मी थट्टा केली होती. नेट भरत नाही. तू खरं मानशील हे माझ्या ध्यानात आलं नाही, तू मोबाईल ठेवून दिलास ते पाहून मला वाईट वाटलं.' एवढंच. 'तुला कळलंच नाही का' असं चुकूनही म्हणू नकोस. ती चिडली तर चिडू दे. दोन दिवस बोलली नाही तर तू बोलत राहा, चहा नेऊन दे. गटात सांगायचं की नाही हे तिला विचार. ती 'मीच सांगतो' म्हणाली तर तिला सांगू दे, तू फक्त बाजूला बस आणि नाव स्वतःवर घे: 'थट्टा माझी होती.' मग तिला कुणी वेडं ठरवणार नाही. नातवाला मात्र चार शिव्या पडतील, त्या खाऊन घे.

थट्टेची तुझी हौस मोडू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे त्यासाठी पोळा आहे. तोरणाखाली सगळं गाव जमलेलं असतं, झडती म्हणणारा पुढं येतो, सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांची उडवतो, आणि कुणाची खिल्ली उडते आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. ज्याची उडते तोही तिथंच उभा राहून हसतो. यंदा तू झडती म्हण. आजीला सोबत घेऊन रच. सुरुवातीला माझ्याकडून घे ही:

टावर उभा माळावर,
रेंज चढली झाडावर,
आजीनं धाडलं गुलाबाचं फूल,
नातू म्हणे नेट झालं फुल,
नातवाले बांधा कोठ्यात,
कुटार टाका पुढ्यात!
हर बोला, हर हर महादेव!

हे सगळं करायच्या आधी आत्याला फोन लाव. आई आपल्यावर रुसली आहे असं समजून ती महिनाभर पुण्यात बसली आहे, आणि खरं कारण माहीत असलेला घरात तू एकटा आहेस. आजीशी बोलायला संध्याकाळ झाली तरी चालेल, आत्याला आत्ता सांग. आणि तिला म्हणावं, व्हिडिओ कॉल रात्री आठला नको, सकाळी अकराच्या आत कर.

ताई